कसोटी कोणी लिहायची?

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात एप्रिल २०२४ च्या अखेरीस ‘गुड फूड अवॉर्ड्स’चा समारंभ झाला. त्याच्या काही दिवस आधी अंतिम यादीतून एक नाव गळले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या ‘क्लायमॅक्स फूड्स’ या कंपनीने दुधाचा थेंबही न वापरता, भोपळ्याच्या बिया, लिमा बीन्स, हेम्पच्या बिया आणि खोबऱ्याची चरबी यांपासून निळ्या बुरशीचे चीज तयार केले होते. कोणाचा माल कोणता हे परीक्षकांना न सांगता झालेल्या चवचाचणीत ते दुधाच्या चीजच्या पंक्तीत बसून वर आले. बक्षीस त्यालाच मिळणार होते, असे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापले. आणि मग ते बाद झाले. दूध वापरून चीज करणाऱ्यांमध्ये कुरबूर होतीच. पण चर्चेत जो मुद्दा पुढे आला तो थेट आपल्या कोकणात येऊन पोचतो. त्या चीजमध्ये कोकमाच्या बियांचे तेल होते, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरक्षित मानलेल्या पदार्थांत कोकम तेलाची नोंद नव्हती. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही त्या जागी आता कोको बटर वापरतो, आणि घटक असे मान्य यादीतलेच असावेत ही अट नियमांत मागाहून घातली गेली.

कोण बरोबर होते या वादात मी शिरत नाही. मला त्यात दिसते ते वेगळेच. ज्या तेलाने कोकणातल्या कष्टकऱ्यांच्या टाचांच्या भेगा पिढ्यान् पिढ्या भरून आल्या, जे दक्षिण कोकणात आणि गोव्यात भिरंडेल म्हणून घरोघरी ओळखीचे होते, जेवणातही वापरले जात होते, ते एका देशाच्या दप्तरात अनोळखी ठरले. याउलट युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरखेरीज चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य चरबींची नावे आहेत. त्यांत शिया, साल आणि आंब्याच्या कोयीची चरबी यांच्या शेजारी कोकमही आहे. तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंत या चरबी घालता येतात. झाड तेच, बी तीच, तेल तेच. बदलतो तो लिहिणारा हात. अमेरिकन कायद्यात १९५८ पूर्वीपासूनचा सर्रास खाण्यातला वापर दाखवून मान्यता मिळवण्याची एक वाट आहे. पण तो वापर कागदावर सिद्ध करावा लागतो. परड्यात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून कुटणाऱ्या बाईपाशी असा कागद कुठून असणार?

पर्यावरणाला धरून, हाताने, थोड्या प्रमाणावर अन्न बनवणाऱ्यांना पुरस्कार द्यावेत ही कल्पना आता जगभर रुजली आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो. पण अशा प्रत्येक पुरस्काराला मी एकच गोष्ट विचारतो: कसोटी कोणी लिहिली? मोजायचे काय हे ज्याने ठरवले त्याने निम्मा निकाल तिथेच लावलेला असतो. चवीची कसोटी लावली तर एक जण जिंकतो, दिसण्याची लावली तर दुसरा, आणि झाड, माती, पाणी, मजुरी यांची लावली तर बहुधा तिसराच. आपल्याकडे ही तिसरी कसोटी अजून कोणी नीट लिहिलेली नाही. ती लिहिली पाहिजे, आणि ती लिहिताना पदार्थ करणारे हात बैठकीत हजर असले पाहिजेत, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

‘गुड फूड अवॉर्ड्स’चे नाव मी वादामुळे आधी घेतले, पण त्यांचे श्रेय मोठे आहे. स्लो फूड चळवळीत काम केलेल्या सारा वाइनर यांच्या पुढाकाराने हे पुरस्कार सुरू झाले आणि जानेवारी २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा दिले गेले. तेव्हा बिअर, चीज, चॉकलेट, कॉफी, लोणची, मुरंबे आणि मांसाचे टिकाऊ पदार्थ असे सात विभाग होते. पुढे मध, तेले वगैरेंची भर पडली. यातली खरी नवी गोष्ट म्हणजे दुहेरी चाळणी. आधी चव, तीही नाव झाकून. चवीत वर आलेल्याला मग विचारायचे: दूध कुठले, गाई कशा राखल्या, फळावर काय फवारले, कोकोचे दाणे पिकवणाऱ्याला काय मिळाले? उत्तरे समाधानकारक नसतील तर चव कितीही दैवी असो, बक्षीस नाही. देशाचे पाच प्रदेश पाडून प्रत्येक प्रदेशातून विजेते निवडायचे, म्हणजे कॅलिफोर्नियाच सगळे घेऊन जाणार नाही, ही व्यवस्थाही शहाणपणाची. त्याआधीच्या बहुतेक खाद्यस्पर्धा जिभेपाशी सुरू होऊन जिभेपाशीच संपत होत्या. ब्रिटनमध्ये १९९४ पासून चालणारा ‘ग्रेट टेस्ट’ पुरस्कार चवीचे तारे देतो. ते तारे दुकानात माल खपवतात हेही खरे. पण त्या ताऱ्यांमागे शेत कसे आहे हे ताऱ्यांवरून कळत नाही.

दुहेरी चाळणीतही भोके आहेत. प्रवेशाला फी आहे. माल दुकानात विकायला तयार, वेष्टनात, चिठ्ठी लावलेला हवा. शेताबद्दलची उत्तरे बरीचशी उत्पादकाच्या स्वतःच्या जबानीवर उभी असतात. या तिन्ही अटी वरवर निरुपद्रवी वाटतात. पण ज्याच्याकडे संगणक, छापखान्याची ओळख आणि महिनाभर वाट पाहण्याइतके भांडवल आहे तोच त्यांतून पार होतो. सर्वांत लहान उत्पादक उंबरठ्याबाहेरच राहतो. पुरस्कार मात्र त्याच्याच नावाने दिला जातो.

चव आणि रूप यांवरच भिस्त ठेवली तर काय होते, हे पाहायला सातासमुद्रापार जायला नको. कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर जावे. काहिलीत उसाचा रस उकळतो. खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळतात. जळव्या ती न थांबता सारत असतो. बाहेरून लाकूड नाही, कोळसा नाही, उसाचे शरीरच उसाचा रस आटवते. रसाला उकळी फुटू लागली की रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात घोळलेला बुळबुळीत चीक त्यात घालतात. मळी वर येते, ती काढत राहायचे. मग गुळव्या. काहिलीतल्या फेसाचा आवाज, रंग, बुडबुड्यांचा आकार बदलत जातो आणि तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. आदण कधी उतरवायचे हे ठरवण्यात क्षणाची चूक झाली तर गूळ मऊ राहतो नाहीतर करपतो. ही विद्या कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत. अन्नाची कारागिरी म्हणतात ती हीच.

आता सौद्याला चला. ढेप फोडली जाते, व्यापारी रंग पाहतो. पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो. तांबूस, तपकिरी गुळाकडे नाक मुरडले जाते. हा पिवळा रंग यावा म्हणून रसात हायड्रॉस पावडर टाकण्याची चाल पडली. त्या पावडरीतल्या गंधकाने रंग उडतो, गूळ उजळ दिसतो. भेंडीवर भागवणाऱ्याचा गूळ रसाच्या मूळ रंगाला धरून गडद उतरतो आणि बाजार त्याला दंड करतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण सौद्यातली कसोटी डोळ्यांनी लिहिलेली आहे, आणि ती मानांकनाने पुसली गेली नाही. उद्या कोणी ‘उत्कृष्ट गूळ’ स्पर्धा भरवली आणि परीक्षकांपुढे ताटात गुळाचे खडे मांडले, तर बक्षीस बहुतेक पावडरीला जाईल. प्रामाणिक गुळव्याला न्याय द्यायचा असेल तर परीक्षकाने ताटाआधी गुऱ्हाळ पाहिले पाहिजे, काहिलीशेजारी ठेवलेली पिशवी पाहिली पाहिजे, प्रयोगशाळेतून गंधकाचे प्रमाण तपासून घेतले पाहिजे आणि शेवटी चव घेतली पाहिजे. अमेरिकेतल्या चाळणीचा क्रम आपल्याला उलटा लावावा लागेल, असे माझे मत आहे. तिथे आधी जीभ, मग जमीन. इथे आधी जमीन, मग जीभ.

कसोटीइतकाच विभागांचा प्रश्न आहे. २०२१ च्या ‘वर्ल्ड चीज अवॉर्ड्स’मध्ये मुंबईच्या ‘एलेफ्थेरिया’ या चीज बनवणाऱ्या कंपनीला रौप्यपदक मिळाले. पदार्थ होता ब्रुनोस्ट, म्हणजे नॉर्वेच्या धर्तीचे तपकिरी चीज. मुंबईत इतके उत्तम ब्रुनोस्ट बनते याचा आनंद वाटावा असेच ते यश आहे, आणि ते बनवणाऱ्यांचे कौतुक निर्भेळ मनाने करावे. पण त्या जगात शिरायला जे दार आहे त्यावर पदार्थांची नावे आधीच कोरलेली आहेत. आमसुलाने कुठल्या विभागात अर्ज करायचा? ते लोणचे नाही, मुरंबा नाही, सुके फळ म्हणावे तर तसेच खाण्याचे नाही. कुळथाचे पीठ, सांडगे, कडवे वाल, घाण्यावरचे करडईचे तेल, आगरातले जाडे मीठ, तांदळाच्या फेण्या, नाचणीचे सत्त्व यांना तिथे रकाना नाही. रकाना नसलेल्या पदार्थाला पदक मिळू शकत नाही, आणि पदक नसलेला पदार्थ शहरी ग्राहकाच्या लेखी हळूहळू कनिष्ठ ठरतो. आपला रकाना आपल्यालाच आखावा लागेल.

आता घरच्या पुरस्कारांकडे वळतो. महाराष्ट्र शासन शेतीसाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, सेंद्रिय शेतीचा कृषिभूषण, उद्यानपंडित असे पुरस्कार देते. केंद्राच्या पातळीवर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याखालच्या प्राधिकरणाकडून जुने वाण जपणाऱ्या समूहांना १० लाख रुपयांचा पुरस्कार मिळतो. व्यक्तीऐवजी समूहाला मान देणारा हा पुरस्कार मला त्यातल्या त्यात सर्वांत नेमका वाटतो, कारण बियाणे कोणा एकट्याने राखलेले नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा गावरान बियाण्यांचे नाव शहरांतल्या दिवाणखान्यांत पोचले. ते एका पुरस्काराने करून दाखवले, हे कोणी नाकारू नये.

पण पुरस्काराने काय होत नाही तेही याच महाराष्ट्रात दिसले आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. तुटपुंज्या जमिनीवर त्यांनी १९८३ पासून भाताच्या निराळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत, वेगळ्या पेरत, पुन्हा निवडत बारीक तांदळाचे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्याला पडले आणि एचएमटी तांदूळ घराघरात शिजू लागला. पुढे कृषी विद्यापीठाकडून ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाणही प्रसारित झाले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय सन्मान झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण नवउद्योजकांत त्यांचे नाव घेतले. आणि ३ जून २०१८ रोजी हा माणूस आर्थिक ओढाताणीत, आजारपणात गेला. ज्या तांदळाने गिरणीवाले, व्यापारी आणि बियाणे विकणारे कमावते झाले, त्या तांदळाच्या पोत्यामागे त्याला काहीही येत नव्हते. सन्मान माणसाचा झाला. त्याच्या तांदळाच्या व्यवहारात मात्र त्याचे स्थान शून्यच राहिले.

मला वाटते, आपल्या पुरस्कारांची मूळ त्रुटी हीच आहे. ते माणसाच्या आयुष्याचा गौरव करतात, आणि गौरवाच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच बाजारात, त्याच भावाला, त्याच अडत्यापुढे उभा असतो. शिवाय शासनाच्या या यादीत शेतकरी आहे, बागाईतदार आहे. पण शेतमालाचे अन्न करणारा कारागीर त्यात वेगळा दिसत नाही. गुळव्या, घाण्यावर तेल काढणारा, मिठागरात वाफे राखणारा, कोकमाला पुटे देणारी बाई, काजूची बोंडे तुडवून भट्टी लावणारा गोव्यातला फेणीवाला यांचे काम शेती आणि उद्योग या दोन खात्यांच्या मधल्या बोळात हरवते.

भौगोलिक मानांकनाने हे काम होईल, अशी अनेकांची समजूत आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली ते मिळाले, हापूसला २०१८ साली कोकणपट्टीच्या पाच जिल्ह्यांसाठी मिळाले. मानांकन सांगते की पदार्थ त्या भूमीतला आहे. तो कसा केला, कोणी केला, करणाऱ्याला काय मिळाले, याबद्दल ते फारसे बोलत नाही. नोंदणी करून अधिकृत वापरकर्ता होण्याची खटपट मोठे बागाईतदार आणि संस्था करतात. घरी पाच-पंचवीस किलो आमसूल करणारी तिथवर पोचत नाही. आणि परप्रांतातला आंबा हापूस म्हणून विकला जाण्याची तक्रार मानांकनानंतरही दर उन्हाळ्यात ऐकू येतेच.

कायद्याची वर्गवारी बदलली की काय घडते याचे उदाहरण गोव्याने घालून दिले आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भारतातल्या मद्यांत पहिले. तरी फेणी ‘देशी दारू’ या रकान्यातच बसून होती, आणि त्या रकान्याच्या सगळ्या बंधनांसह. २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला तेव्हा तिच्याकडे पाहण्याची सरकारी नजर बदलली आणि राज्याबाहेरच्या बाजाराची वाट मोकळी होऊ लागली. पदकापेक्षा एका अधिसूचनेने जास्त साधते, असे प्रसंग असतात. म्हणून पुरस्कार देणाऱ्या संस्थेने आपल्या विजेत्याच्या वाटेत कोणता नियम आडवा आहे हे शोधून तो हलवण्याचा प्रयत्न करणे, हेही पुरस्काराचेच काम मानले पाहिजे.

मग कोकणात कोकमासाठी असा पुरस्कार ठेवायचा तर तो कसा असावा? आधी झाड समजून घ्यावे लागेल. रातांब्याच्या सलग बागा कमी. झाडे परड्यात, ओहोळाच्या काठाला, देवराईच्या कडेला, काजू-आंब्याच्या मध्ये एकेकटी उभी असतात. नर आणि मादी झाडे वेगळी. बी पेरून आलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ ही वाणे देऊन कलमाची सोय केली. पाणी नको, फवारणी नको. पण फळ पिकते एप्रिल-मेमध्ये, आणि मृगाच्या आधीच्या पावसाने गाठले की झाडाखाली सडा पडून कुजतो. जे हाती लागते त्याची साल सोडवायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात ती बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटे चढत आमसूल काळेभोर, मऊ, आंबट होते. हे काम बायकांचे. पुटे चुकवली आणि मीठ वाढवले की वजन भरते आणि वेळ वाचतो. घाऊक व्यापारी वजनावर भाव देतो, म्हणून हा मोह त्याच्याच भावपत्रकाने पेरलेला आहे.

या पुरस्काराची कसोटी लिहायला मी पहिल्यांदा पुटे देणाऱ्या बायकांना बोलावीन. किती पुटे झाली हे आमसूल हातात घेऊन सांगणाऱ्या बायका गावोगाव आहेत. परीक्षक त्याच असाव्यात, आणि त्यांच्यासोबत वनस्पतिशास्त्र जाणणारा एक जण आणि अन्नतपासणी करणारा एक जण. मिठाचे प्रमाण तपासले जावे. फळ काढताना फांद्या मोडल्या का, पाऊस आल्यावर वाळवण भट्टीवर केले तर लाकूड कुठून आले, नवी मादी झाडे लावली का, हे गावात जाऊन पाहिले जावे. बी फेकली की तिचे तेल काढले, हाही प्रश्न हवा. कारण साल, रस आणि बी तिन्ही वापरणाऱ्या घराला त्याच फळांतून जास्त मिळते आणि जंगलावर भार वाढत नाही. मजुरीने काम करून घेतले असेल तर मजुरी किती दिली हे मजुरालाच विचारावे. फी नसावी. अर्ज तोंडी सांगता यावा, तोही मालवणीत. वेष्टनाची अट नसावी.

आणि बक्षीस म्हणून शाल, श्रीफळ, धनादेश यांपेक्षा मागणी द्यावी. विजेत्या गटाचे पुढच्या तीन हंगामांचे आमसूल ठरल्या भावाने घेण्याचा लेखी करार. खरेदीदार आपल्या राज्यात आहेत. पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत, आश्रमशाळांची आणि वसतिगृहांची स्वयंपाकघरे आहेत, रोज हजारोंना जेवू घालणारी देवस्थानांची अन्नछत्रे आहेत. यांतल्या प्रत्येकाने आपल्या आमटीपुरते आमसूल पुरस्कारविजेत्यांकडून घेतले तर त्या बायकांना घाऊक व्यापाऱ्याचे वजनाचे गणित मान्य करावे लागणार नाही. मान दरवर्षी नव्याने मिळवावा लागावा. एकदा मिळालेला शिक्का आयुष्यभर चालला की त्याखाली कसलाही माल विकला जातो.

यावर एक आक्षेप येईल तो वजनदार आहे. मागणी वाढली की झाडावर ताण येणार, मोठा भांडवलदार उतरणार, डोंगर साफ करून कोकमाची एकसुरी लागवड होणार. दोडामार्ग भागात रबरासाठी असे डोंगर उघडे पडलेले लोकांनी पाहिले आहेत, त्यामुळे ही भीती हवेतली नाही. म्हणूनच कसोटीत मिश्र रान हा मुद्दा अटळ हवा: सलग एकाच झाडाची लागवड करून काढलेला माल या पुरस्काराला पात्रच नाही, असे स्पष्ट लिहावे. स्लो फूड संस्थेने २००० साली बोलोन्यात जैवविविधता राखणाऱ्यांना पुरस्कार देऊन सुरुवात केली. त्याच सुमारास तिने एकेका पदार्थाभोवती उत्पादकांचे गट बांधून त्यांच्याकडूनच उत्पादनाचे नियम लिहून घेण्याचे कामही हाती घेतले, आणि २००४ मध्ये तुरिनला ‘तेर्रा माद्रे’ भरवून १३० देशांतल्या सुमारे ५ हजार अन्न-उत्पादकांना एकमेकांसमोर बसवले. पुरस्काराला नियम आणि संघटना यांची जोड लागते, हे त्या वाटचालीतून शिकण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा. असे अन्न महाग पडते, ते श्रीमंतांच्या ताटात जाणार, गरिबाला त्याचे काय? मला हा आक्षेप चॉकलेट आणि चीजच्या बाबतीत पटतो. आमसूल, गूळ, मीठ, करडईचे तेल यांच्या बाबतीत तितकासा पटत नाही. आमटीला दोन-चार आमसुले लागतात. त्यांची किंमत दीडपट झाली तरी चार माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च फारसा हलत नाही. पण करणाऱ्या बाईचा हंगाम त्या फरकाने उभा राहतो. जिथे खरोखर परवडत नाही तिथे वसतिगृह आणि अन्नछत्र हे खरेदीदार म्हणून पुढे आले तर गरिबाच्या ताटातही तेच आमसूल पडेल.

सरकारी समिती नेमली की वशिला शिरेल, असेही कोणी म्हणेल. शिरू शकतो. फी घेऊन पदके वाटणाऱ्या खाजगी संस्थांचे पेवही फुटले आहे, आणि तिथे तर पैसे भरणे हीच पात्रता असते. दोन्हींवर उपाय एकच: गुणपत्रक उघडे ठेवावे. कोणाला कशाबद्दल किती गुण, मीठ किती निघाले, मजुरी किती सांगितली, हे सारे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. गावात कोण पुटे चुकवते हे गावाला माहीत असते. फलकावरचे खोटे गुण आठवडाभरही टिकणार नाहीत.

यासाठी मोठा निधी लागत नाही, मोठी संस्थाही लागत नाही. एक तालुका, एक पदार्थ, एक हंगाम एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, दापोली, गुहागर इथल्या बचत गटांच्या संघांना, दापोलीच्या विद्यापीठाला आणि कोकणातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे की, येत्या मे महिन्यात आमसुलाची पहिली पुटे चढण्याआधी एकत्र बसून ही कसोटी लिहून काढावी. आणि पुणे-मुंबईच्या वाचकांना एक विनंती: पुढच्या वेळी आमसूल घेताना विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. हे कुठल्या गावचे, आणि याला पुटे किती?